पायवाटेचे वाङ्मय

अलीकडे मराठीत एक नवा लेखनप्रकार मूळ धरू लागला आहे. त्याला अद्याप निश्चित नाव नाही आणि समीक्षकांनीही त्याची फारशी दखल घेतलेली नाही. डोंगरांतील पायवाटा आणि सायकलीने हिंडावयाचे रस्ते परगावच्या प्रवाशांस परिचित करून देणे, त्यांची वाखाणणी करणे, आणि असा प्रवास निसर्गास अपाय करीत नाही म्हणून तो 'हरित' होय, असे त्यांच्या मनावर ठसविणे, हे या लेखनाचे कार्य. पर्यटनखात्याची पत्रके, सहली नेणाऱ्या मंडळ्यांच्या जाहिराती, वर्तमानपत्रांच्या रविवारच्या पुरवण्या आणि भटक्यांची पुस्तके अशा निरनिराळ्या ठिकाणी ते विखुरलेले आढळते. यात वाङ्मय ते काय आणि त्याची समीक्षा ती काय करावयाची, असा प्रश्न काही वाचक करतील. त्यांस आमचे उत्तर असे की, एखादी भावकविता वाचून वाचक आपल्या खुर्चीत बसल्या जागी सुखावतो. हे लेखन वाचून मात्र तो येत्या रविवारी एका ठरावीक डोंगराच्या पायथ्याशी जाऊन उभा राहतो, आणि त्याच्याबरोबर त्याच्यासारखे आणखी शेकडो. ज्या शब्दांचा परिणाम प्रत्यक्ष जमिनीवर उमटतो, त्यांची परीक्षा अधिक कसोशीने व्हावयास हवी.

प्रथम भाषेचा विचार करू. या लेखनातील बहुतेक वर्णने 'निसर्गाच्या कुशीत' सुरू होतात, मध्ये कोठेतरी डोंगर 'हिरवा शालू' नेसतो, आणि अखेरीस 'पृथ्वीवरील स्वर्ग' हाती लागतो. यातील गावाचे नाव खोडून तेथे दुसरे नाव घातले तरी मजकुरात एका अक्षराचाही बदल करावा लागत नाही. वर्णनाची ही सर्वांत सोपी कसोटी आहे. जे वर्णन कोणत्याही डोंगरास लागू पडते ते कोणत्याच डोंगराचे नसते. कळसूबाईचे शिखर १६४६ मीटर उंच असून महाराष्ट्रात त्याहून उंच स्थळ नाही, बारी गावातून वर चढताना कड्यास लोखंडी शिड्या लावलेल्या आहेत, माथ्यावर देवीचे लहानसे देऊळ आहे आणि नवरात्रात भोवतालच्या खेड्यांतील आयाबाया ती चढण नेमाने चढतात, एवढे साधे तपशील सांगितले तरी वाचकापुढे एक विशिष्ट डोंगर उभा राहतो. शालू आणि स्वर्ग यांची गरजच उरत नाही.

परंतु भाषेचा हा आळस एक वेळ क्षम्य मानता येईल. त्याहून गंभीर दोष काही विशेषणांत दडलेला आहे. 'अस्पर्श' हे त्यांतील पहिले. पायवाट ही मुळात स्पर्शाची खूण होय. माणसाचे आणि गुरांचे पाय पिढ्यान्‌पिढ्या एकाच ठिकाणी पडले म्हणून तेथे गवत उगवेनासे झाले आणि वाट तयार झाली. जेथे वाट आहे तो प्रदेश अस्पर्श नाही, आणि जो अस्पर्श आहे तेथे वाट नाही. 'अपरिचित' या विशेषणाचीही तीच गत. अपरिचित कोणास? ज्या बाईने त्या वाटेने डोक्यावरून सरपणाचा भारा आणला, ज्या धनगराने तिच्यावरून मेंढरे हाकली, ज्या वाण्याचे बैल मीठ लादून तोच घाट चढले, त्यांस ती खचितच अपरिचित नव्हती. सह्याद्रीतील घाटवाटा या शोधून काढलेल्या वाटा नव्हेत. त्या वापरातल्या वाटा आहेत. जुन्नरजवळच्या नाणेघाटात सातवाहनकालीन लेख कोरलेला आहे, आणि त्याच घाटातील दगडी रांजण रूढ समजुतीप्रमाणे जकातीचा मानला जातो. ज्या वाटेवर दोन हजार वर्षांपूर्वी राजकुळाने आपली अक्षरे कोरून ठेवली, तिला आज अपरिचित म्हणून विकणे, हा इतिहासाचा नकळत केलेला अधिक्षेप होय.

तिसरे आणि सर्वांत प्रतिष्ठित विशेषण 'हरित'. पायी चालणाऱ्याने धूर होत नाही आणि सायकलीस पेट्रोल लागत नाही, हे निर्विवाद. परंतु पुण्याचा चौघांचा कंपू मोटारीने बारीपर्यंत जाऊन परत येतो तेव्हा त्याचा तीनशेहून अधिक किलोमीटरांचा प्रवास इंजिनावर होतो, आणि पायांवर होतो तो अवघ्या काही तासांचा. या प्रवासाचा हरितपणा शेवटच्या काही कोसांपुरता आहे. पहिला आणि मोठा भाग इतर कोणत्याही सहलीसारखाच धुराचा आहे. असे असता पत्रकात पायवाटेची लांबी, चढण, दिसणारी दृश्ये ही सारी नमूद असतात आणि पायथ्याशी पोहोचण्याविषयी मात्र मोटार कोठे उभी करावी एवढीच सूचना असते. कोणते रेल्वेस्थानक जवळ, तेथून एस. टी. किती वाजता सुटते, परतीची शेवटची गाडी कोणती, हे सांगणारी पत्रके क्वचितच पाहावयास मिळतात. वस्तुतः मुंबईच्या जुन्या भटक्यांच्या दोन पिढ्या कर्जत, कसारा आणि लोणावळा या स्थानकांच्या आधारानेच सह्याद्री हिंडल्या. हरितपणाची खरी माहिती वेळापत्रकात असते. आपल्या लेखकांनी तेच वगळले आहे.

आता कोणी म्हणेल की, जाहिरातीकडून वाङ्मयाची अपेक्षा करणे हाच अन्याय आहे. परंतु मराठीस वाटेचे लेखन नवे नाही, आणि या प्रकाराने कोठवर उंची गाठली आहे हे ध्यानी घेतल्यावाचून आजच्या उणिवा नीट मोजता येणार नाहीत. वरसईच्या विष्णुभट गोडशांचे 'माझा प्रवास' हे पुस्तक १९०७ साली छापून प्रसिद्ध झाले. दक्षिणेच्या आशेने उत्तरेकडे निघालेला हा गरीब भिक्षुक सत्तावनच्या धामधुमीत सापडला. त्याच्या लेखनात सृष्टिवर्णनाची हौस अशी फारशी नाही. पण मुक्कामाची जागा, पाण्याची सोय, वाटेवरचे भय, सोबतीची माणसे, जवळचे द्रव्य, यांची जाण पानोपानी आहे. इरावतीबाई कर्वे यांचा 'वाटचाल' हा लेख पंढरीच्या वारीवरचा. त्यात वाटेचे सौंदर्य आहे, तसेच त्या वाटेवर एकत्र चालणारी माणसे जेवावयास मात्र वेगवेगळी बसतात, हे पाहून आलेली अस्वस्थताही आहे. गो. नी. दांडेकरांनी किल्ल्यांवर विपुल लिहिले. राजमाचीच्या परिसरात घडणाऱ्या 'माचीवरला बुधा' या त्यांच्या १९५८ सालच्या कादंबरीत तर डोंगर हाच जवळजवळ नायकाच्या बरोबरीने उभा आहे. या तिघांच्या प्रकृती अगदी भिन्न. परंतु वाटेवर आपण पाहुणे आहोत आणि तेथे आपल्या आधीपासून कोणी राहते आहे, ही जाणीव तिघांच्याही लेखनात आहे. आजच्या पत्रकांत तिचाच अभाव जाणवतो.

या लेखनप्रकाराचा अधिक जुना आणि अधिक बोधप्रद इतिहास इंग्लंडात सापडतो. पायी हिंडण्याचे आमंत्रण देणाऱ्या पुस्तकाने पुढे कोणते प्रश्न उभे राहतात, हे तेथे दोनशे वर्षांच्या अनुभवाने सिद्ध झालेले आहे. म्हणून थोडे तिकडे वळू.

कवी वर्ड्‌स्वर्थ याने वायव्य इंग्लंडातील सरोवरांच्या प्रदेशाची एक मार्गदर्शिका लिहिली. १८१० साली ती एका चित्रसंग्रहाची प्रस्तावना म्हणून, लेखकाच्या नावावाचून, प्रसिद्ध झाली. पुढे स्वतंत्र पुस्तक होऊन १८३५ साली तिची पाचवी आवृत्ती निघाली. तिचा लौकिक एवढा झाला की, भेटीस आलेल्या एका धर्मोपदेशकाने या पुस्तकाखेरीज आपण आणखी काही लिहिले आहे काय, असा प्रश्न महाकवीस केला, असा किस्सा मॅथ्यू आर्नल्डने नमूद केला आहे. या पुस्तकाचे गुण आजही शिकण्याजोगे आहेत. लेखक वाचकास प्रथम दोन शिखरांच्या मधोमध तरंगणाऱ्या एका काल्पनिक ढगावर नेतो आणि तेथून चाकाच्या आऱ्यांप्रमाणे चहूकडे पसरलेली खोरी दाखवितो. एका प्रतिमेने सबंध प्रदेशाचा नकाशा मनात उतरतो. त्यानंतर तो केवळ डोंगर आणि पाणी यांचे गुणगान करीत बसत नाही. तेथील लहान शेतकऱ्यांची आणि मेंढपाळांची घरे खडकातूनच उगवल्यासारखी का दिसतात, नव्या श्रीमंतांनी बांधलेली पांढरीफेक घरे आणि लावलेली परकी झाडांची बने डोळ्यांस का खुपतात, हे तो कारणे देऊन सांगतो. हा प्रदेश एका अर्थी साऱ्या राष्ट्राची ठेव आहे, असा विचारही त्याने त्यात मांडला.

परंतु १८४४ साली केंडलहून विंडरमीरपर्यंत आगगाडी नेण्याची योजना पुढे आली, तेव्हा चौऱ्याहत्तर वर्षांच्या याच कवीने वर्तमानपत्रात पत्रे लिहून तिला कडाडून विरोध केला. रानटी सृष्टीची गोडी जन्मजात नसते, ती हळूहळू जोपासावी लागते, म्हणून कारखान्यांतील कामकऱ्यांचे जथे गाडीने आणून सोडल्याने त्यांचे कल्याण होणार नाही आणि सरोवरांची शांती मात्र जाईल, असा त्याचा एकंदर युक्तिवाद होता. गाडी १८४७ साली आलीच. या प्रकरणात कवीची विसंगती उघड आहे. ज्याने आपल्या लेखणीने लोकांस बोलाविले, त्यानेच ते येऊ लागताच दार लावावयास घेतले. त्याची भीती सर्वस्वी खोटी होती असे नाही. पण ठेव जर राष्ट्राची, तर राष्ट्रात गिरणीकामगार येत नाहीत काय, या प्रश्नास त्याच्यापाशी उत्तर नव्हते. आपल्याकडेही गडांवरच्या गर्दीबद्दल हळहळणारा वर्ग बहुधा तोच असतो, ज्याच्या लेखांनी आणि छायाचित्रांनी ती गर्दी तेथे गेलेली असते. आपण गेलो तेव्हा ते भ्रमण, आणि इतर आले तेव्हा ती गर्दी, हा हिशेब सोयीचा असला तरी न्याय्य नव्हे.

कामकऱ्यांनी या प्रश्नाचे उत्तर स्वतःच दिले. २४ एप्रिल १९३२ रोजी मँचेस्टर आणि आसपासच्या औद्योगिक शहरांतील शेकडो तरुण किंडर स्काउट या खाजगी शिकारीसाठी राखून ठेवलेल्या पठारावर मनाई मोडून चढले. पाच जणांस तुरुंगवास घडला. १९३५ साली टॉम स्टीफन्सन या पत्रकाराने एका दैनिकात लेख लिहून पेनाइन डोंगराच्या कण्यावरून एक सलग लांब पायवाट असावी, अशी मागणी केली. १९४९ साली राष्ट्रीय उद्याने आणि ग्रामीण भागातील प्रवेश यांविषयीचा कायदा झाला, आणि १९६५ सालच्या २४ एप्रिललाच पेनाइन वाट रीतसर खुली करण्यात आली. तिची लांबी २६८ मैल, म्हणजे सुमारे ४३० किलोमीटर. एका वर्तमानपत्री लेखापासून कायद्यापर्यंत आणि कायद्यापासून जमिनीपर्यंत पोहोचावयास तीस वर्षे लागली. पायवाटेचा पुरस्कार करणाऱ्या लेखनाचे याहून मोठे यश आम्हांस ठाऊक नाही.

आणि तरीही खरा धडा त्यापुढचा आहे. पेनाइनच्या माथ्यावर शेवाळ कुजून झालेली पीट नावाची मऊ, पाणथळ माती आहे. हजारो पाय पडू लागले, तशी वाट चिखलाची झाली. चिखल चुकविण्यास माणसे कडेने चालू लागली, आणि वाट रुंदावत जाऊन डोंगराच्या अंगावर जखम उघडी पडली. चालणारे सारे निसर्गप्रेमीच होते. तरी व्हावयाचे ते झालेच. अखेरीस मोडकळीस आलेल्या जुन्या सूतगिरण्यांतील फरशा हेलिकॉप्टरने डोंगरावर उचलून नेऊन त्या वाटेवर बसवाव्या लागल्या. ज्या गिरण्यांच्या धुरातून सुटका करून घेण्यास कामकरी डोंगरावर गेले, त्यांच्याच जमिनीने पुढे तो डोंगर सावरला. यातून उघड होणारी गोष्ट अशी की, पायी चालणे हेही जमिनीवरचे ओझे आहे. ते ओझे एका माणसाचे असते तोवर गवत ते सोसते. पत्रकाने बोलाविलेल्या हजारांचे होते, तेव्हा कोणीतरी दगड वाहावे लागतात. म्हणून आमंत्रण देणाऱ्याने ते दगड कोण वाहणार, हे आधी ठरविणे अगत्याचे आहे.

इंग्लंडातील आणखी एका लेखकाचा उल्लेख येथे केल्यावाचून राहवत नाही. आल्फ्रेड वेनराइट हा केंडल नगरपालिकेचा खजिनदार होता. सरोवरांच्या प्रदेशातील २१४ डोंगरांची सात खंडांतील सचित्र मार्गदर्शिका त्याने १९५५ ते १९६६ या काळात पुरी केली. त्यातले प्रत्येक अक्षर हाताने लिहिलेले आणि प्रत्येक चित्र हाताने काढलेले. त्यास मोटार चालविता येत नसे. सुट्टीच्या दिवशी तो बसने जाई आणि परतीच्या बसची वेळ सांभाळून डोंगर उतरे. त्याच्या पुस्तकांत कुंपण कोठे ओलांडावे, ओढा कोठे उडी मारून पार करता येतो, कोणती भिंत धुक्यात वाट दाखविते, याची बारीकसारीक नोंद आहे, कारण लेखकाची प्रत्येक पायरी पायांनी मोजलेली आहे. मिळालेल्या पैशातला मोठा भाग त्याने अनाथ जनावरांच्या आश्रमाकरिता खर्च केला. या प्रामाणिक पुस्तकांनीही पुढे गर्दी वाढविली, हे नाकारता येणार नाही. परंतु चांगल्या पुस्तकाने आणलेला माणूस निदान वाट चुकत नाही, भिंत पाडीत नाही आणि धुक्यात अडकून गावकऱ्यांस रात्री दिवट्या घेऊन धावावयास लावीत नाही. गर्दीगर्दीतही फरक असतो, आणि तो बहुतांशी ती कोणत्या शब्दांनी बोलाविली यावर अवलंबून असतो.

युरोपात काही ठिकाणी तर शब्दांचा वापर जवळजवळ टाळूनच हे काम साधलेले आहे. स्वित्झर्लंडमधील पिवळ्या पाट्यांवर पुढचे ठिकाण किती दूर हे मैलांत न सांगता किती वेळाचे, हे सांगितलेले असते. डोंगरात अंतरापेक्षा वेळच खरा, हे आपल्या खेड्यांतील माणसासही पटेल. त्या देशात अशा वाटांची एकूण लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे, आणि १९७९ सालच्या लोकमतानंतर पायवाटांचा उल्लेख तेथील राज्यघटनेत झाला. २०१८ साली सायकलीच्या वाटांसही तसेच स्थान मिळाले. बेल्जियमच्या लिंबुर्ख प्रांतात कोळशाच्या खाणी बंद पडल्यावर, १९९५ साली एका खाण-अभियंत्याच्या कल्पनेतून सायकलींसाठी निराळीच व्यवस्था उभी राहिली. प्रत्येक नाक्यास एक आकडा. प्रवाशाने आपल्यास हवे ते आकडे क्रमाने कागदावर टिपावेत आणि पाट्या पाहत जावे. ठरावीक एकच 'प्रसिद्ध' मार्ग नसल्याने माणसे जाळ्यासारखी पसरतात आणि ओझे वाटले जाते. या दोन्ही उदाहरणांत प्रशंसेचे एकही वाक्य नाही. पण वाटेची जबाबदारी कोणाची, हे ठरलेले आहे.

आता या कसोट्या घेऊन आपल्या घरी परत येऊ. साताऱ्याजवळचे कासचे पठार २०१२ साली पश्चिम घाटातील ३९ स्थळांबरोबर जागतिक वारशाच्या यादीत समाविष्ट झाले, आणि फुलांच्या हंगामात तेथे माणसांचा लोंढा लोटला. तेव्हा दिवसाकाठी तीन हजारांची मर्यादा घालण्यात आली, प्रवेशशुल्क बसविले, आणि आसपासच्या गावांच्या समितीकडे देखरेखीचे काम आले. हे उचितच झाले. पठारास कुंपणही घातले गेले, आणि पुढे ते काढावे लागले. कारण गुरांची चराई आणि वन्य जनावरांची ये-जा थांबली तर फुलांच्या ताटव्यांसही ते मानवत नाही, असे जाणत्यांचे म्हणणे पडले. म्हणजे ज्यास पत्रके 'अस्पर्श' म्हणत होती, ते फुलांचे पठार गावच्या गुरांच्याही संगतीने नांदत आले होते. विशेषणातील चूक ही केवळ भाषेची चूक राहत नाही. ती पुढे कुंपणाचे रूप घेते.

भंडारदऱ्याच्या परिसरात पावसाच्या तोंडावर झाडे काजव्यांनी लखलखतात. तो प्रकाश म्हणजे नरमादीचा परस्परांस संकेत होय. त्या सोहळ्याची निसर्गपर्यटन म्हणून प्रसिद्धी झाली, आणि रात्री मोटारींच्या रांगा लागू लागल्या. गाडीच्या दिव्यांच्या झोतात तो संकेतच पुसला जातो, हे समजण्यास शास्त्रज्ञ असावे लागत नाही. माथेरानचे उदाहरण याहून विचारात पाडणारे आहे. तेथे मोटारींस बंदी, आणि म्हणून ते हरित स्थळांचा आदर्श मानले जाते. परंतु दीर्घ काळ त्या तांबड्या मातीच्या चढउतारांवर माणसाने माणसास हातरिक्षातून ओढून नेण्याची रीत चालू राहिली, आणि ती अमानुष ठरवून बंद करण्याचा आदेश सर्वोच्च न्यायालयास २०२५ साली द्यावा लागला. धूर नव्हता हे खरे. पण धुराच्या जागी घाम होता, आणि तो पत्रकात छापलेला नव्हता.

सायकलीच्या बाबतीत कोकणचा किनारा आपणांस निराळा धडा देतो. रायगड-रत्नागिरीच्या किनाऱ्याने दक्षिणेकडे जाणाऱ्या स्वारास आगरदांडा-दिघी, वेसवी-बागमांडला, दाभोळ-धोपावे आणि तवसाळ-जयगड या खाड्या फेरीबोटीने ओलांडाव्या लागतात. बोट येईतो धक्क्यावर थांबणे भाग पडते. त्या सक्तीच्या विसाव्यात चहाचे दुकान चालते, मासे घेऊन निघालेल्या बायांशी दोन शब्द होतात, खाडीचे भरती-ओहोटीचे गणित कळते. सायकलीच्या मार्गाचा प्रचार करणाऱ्यास येथे 'रोमांचक आव्हान' असे लिहिण्याचा मोह होतो. पण त्या मार्गाचे खरे मर्म हे थांबणेच आहे. किनाऱ्याच्या महामार्गाच्या योजनेत खाड्यांवर पूल बांधावयाचे आहेत. स्थानिक लोकांस पुलांची गरज आहे, आणि सायकलस्वाराच्या विरंगुळ्यासाठी आजाऱ्याने बोटीची वाट पाहत बसावे असे कोणी सुज्ञ म्हणणार नाही. परंतु पूल झाल्यावर धक्क्यावरच्या त्या दुकानाचे काय, हा प्रश्न लेखकाने विचारावयाचा नाही, तर कोणी?

येथे एका आक्षेपाचा विचार करणे प्राप्त आहे. आपण शहरात बसून अशी चिकित्सा करावी; पण डोंगरातल्या माणसास पर्यटकाने दिलेले चार पैसे हवे आहेत, त्याचे काय? हा आक्षेप रास्त आहे. राजमाचीच्या पायथ्याच्या उधेवाडीत भटक्यांस पिठले-भाकरी आणि अंथरूण मिळते, ही सोय गावकऱ्यांची आहे आणि तिच्यातून होणारी मिळकतही त्यांचीच. लोणावळ्याहून पंधराएक किलोमीटर चालत यावे, एखाद्या ओसरीवर निजावे आणि सकाळी कोंढाण्याची लेणी पाहून कर्जतच्या बाजूस उतरावे, हा पाठ अनेक पिढ्यांनी गिरविला आहे. यात रेल्वेने येणे आहे, रेल्वेने जाणे आहे आणि मधला पैसा गावात राहणे आहे. हरित पर्यटन हा शब्द रूढ होण्यापूर्वीच आपल्याकडे त्याचा असा नमुना होता. तेव्हा आमचा विरोध प्रसिद्धीस नाही. ज्या प्रसिद्धीत गावाचे नाव केवळ पायथा म्हणून येते, यजमान म्हणून येत नाही, तिला आमचा विरोध आहे. जी मंडळी शहरातूनच न्याहारी, जेवण आणि वाटाड्या घेऊन बसने येतात आणि गावात फक्त पाण्याच्या बाटल्या टाकून जातात, त्यांच्या पत्रकावर हिरव्या रंगाची शाई कितीही वापरली तरी तो व्यवहार हिरवा होत नाही.

हा प्रश्न आता अधिक निकडीचा झाला आहे. जुलै २०२५ मध्ये मराठ्यांच्या बारा दुर्गांचा समावेश जागतिक वारशाच्या यादीत झाला. त्यांपैकी अकरा महाराष्ट्रातले, तर बारावा, जिंजी, तमिळनाडूतला. साल्हेर, राजगड, लोहगड, शिवनेरी ही नावे आता देशोदेशीच्या प्रवाशांच्या कानी जातील. त्यांच्यासाठी मार्गदर्शिका लिहिल्या जातील, पाट्या लागतील, सायकलींचे मार्ग आखले जातील. आजवर जे लेखन पुरवण्यांत विखुरले होते, ते आता पुस्तकरूपाने स्थिरावेल, आणि पुढील पन्नास वर्षे डोंगरावर कोण, कसा आणि किती संख्येने जाईल, हे त्यावर पुष्कळ अंशी ठरेल. अशा वेळी या लेखनाने कोणत्या किमान अटी पाळाव्यात, हे सांगून ठेवणे समीक्षकाचे कर्तव्य आहे.

आमच्या मते त्या अटी चार. पहिली, वर्णन त्याच जागेचे असावे. नाव बदलले असता जे वर्णन लटके पडेल तेच छापण्यास योग्य. दुसरी, वाट ज्यांच्या वापरातली आहे त्यांचा निर्देश असावा. वर्षाच्या कोणत्या दिवसांत त्यांची शेते, जत्रा अथवा गुरे यांस आपल्या येण्याने अडचण होईल, हेही कळवावे. तिसरी, पायथ्यापर्यंतचा प्रवास हा प्रवासाचाच भाग धरून गाडीचे आणि एस. टी.चे वेळापत्रक पहिल्या पानावर द्यावे. आणि चौथी, वाटेचे ओझे किती माणसांपर्यंत सोसवेल, आणि ते अधिक झाल्यास दुरुस्ती कोणी, कोणत्या पैशातून करावयाची, हे स्पष्ट लिहावे. ज्या वाटेविषयी या चौथ्या प्रश्नाचे उत्तर नसेल, तिच्याविषयी लेखकाने तूर्त मौन पाळावे. स्थळाचा शोध लागला म्हणून ते जाहीर केलेच पाहिजे, असा काही वाङ्मयीन धर्म नाही.

यावर कोणी म्हणेल की, अशा अटींनी लेखनातला रस आटून जाईल. आम्हांस तसे वाटत नाही. शेवटच्या एस. टी.ची वेळ, टाक्यातले पाणी कोणत्या महिन्यापर्यंत टिकते ती नोंद, कोणत्या घरी विचारले असता भाकरी मिळेल ती खूण, या गोष्टी ज्याने स्वतः चालून गोळा केल्या, त्याच्या गद्यात रस आपोआप उतरतो. वेनराइटच्या भिंती आणि गोडसे भटजींचे मुक्काम यांची साक्ष देतातच. जुना वाटाड्या प्रवाशापुढे चालत असे, आणि वाट अवघड आली की मागे वळून हात देत असे. छापील वाटाड्याकडून त्याहून निराळी अपेक्षा का करावी? गडाच्या पायथ्याशी नेऊन सोडणे सोपे आहे. माणूस सुखरूप वर जाऊन खाली येईल, आणि त्याच्या मागे वाटही सुखरूप राहील, एवढे पाहणारे लेखन मराठीत निर्माण व्हावे. ते झाल्यास सह्याद्रीचे हित तर होईलच. मराठी गद्याचेही होईल.